विमानवाला जावई

विमानांचे शौकीन लोक मला आवडत नाहीत. जिचं सगळं आयुष्य विमानांत गेलं त्या बाईनं असं म्हणावं हे पुष्कळांना चमत्कारिक वाटतं. वाटू दे. सावेडीतल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे. त्याच्या मोबाईलवर असल्या शौकिनांचा ग्रुप आहे आणि त्यांचं दिवसभर चालू असतं, राफेल भारी की सुखोई भारी, आपलं तेजस कुणाला हरवील, अमक्या देशाकडं किती आणि तमक्याकडं किती. परवा तो वर आला आणि म्हणाला, "आजी, एरोनॉटिकलला स्कोप आहे का हो?" मी म्हटलं, "स्कोपचं मग बघू. पंख विमानाला उचलतो कसा, ते सांग आधी." त्यानं मला तीन विमानांचा टॉप स्पीड सांगितला. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. पोरगा वाईट नाही हो. पण असं कुणी बोलायला लागलं की मला आमच्या घराची गच्ची दिसायला लागते, आणि गच्ची दिसली की अजूनही माझं डोकं उठतं.

आमचं घर कोपरगावच्या बाहेर, कॅनॉलच्या कडेला. साखर कारखाना इतका जवळ की भोंगा झाला की घरातलं लहान मूल दचकून रडायला लागायचं आणि मोठी माणसं न बघता घड्याळं लावायची. सीझन सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी बसायची, मळीचा आंबूस वास उशीपर्यंत यायचा, आणि रस्त्यानं उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज दिवसरात्र चालू राहायचा. घर नवं होतं, सिमेंटच्या स्लॅबचं. गावात स्लॅबची घरं तेव्हा थोडी. गच्ची असणं ही मोठेपणाची गोष्ट होती, आणि ती गच्ची होती तात्यांची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. जमीन एकत्र, कारभार त्यांच्या हातात, आणि माझे वडील, म्हणजे आबा, त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. ऊस कुठला लावायचा इथपासून माझ्या परकराचं कापड कुठल्या रंगाचं इथपर्यंत आबांचं उत्तर एकच, "तात्या म्हनतील तसं."

तात्यांना विमानाचं वेड. तरुणपणी ते पायलट व्हायला गेले होते आणि परत आले होते. का परत आले, तर म्हणे डोळ्यांनी घात केला. आता गंमत अशी की आकाशात कुठंही विमान आलं तर सगळ्यात आधी तात्यांनाच दिसायचं, आम्हा पोरांना नुसतं निळं आभाळ दिसत असताना ते बोट दाखवून म्हणायचे, "त्यो बघ, ढगाच्या उजव्या अंगाला." डोळे नापास झालेल्या माणसाचे असले डोळे मी दुसरे पाहिले नाहीत. पण हे घरात कुणी बोलायचं नाही. ओझरला विमानांचा कारखाना, तिकडून लढाऊ विमानं आमच्या डोक्यावरून जायची. मिग गेलं की आधी विमान दिसेनासं व्हायचं आणि मग आवाज यायचा, असा की ताटाळ्यातली ताटं थरथरायची आणि गोठ्यातली म्हैस दावं ताणायची. तात्या हातातलं काम टाकून, चिखलाच्या पायांनी जिना चढायचे. जिना धुवायचा आईनं.

दर रविवारी दुपारनंतर गच्चीवर बैठक भरायची. कारखान्यातले केमिस्ट कुलकर्णी यायचे, त्यांना इंग्रजी मासिकं वाचता यायची म्हणून त्यांचा मान मोठा. रेडिओ दुरुस्त करणारे गफूरभाई यायचे, ते कुठूनतरी जुनी दुर्बीण घेऊन आले होते. आणखी एकदोघं हौशे नवशे असायचे. मग चर्चा. नॅट चांगलं की हंटर, मिगचा पंख असा त्रिकोणी का, लढाईत कुणी कुणाला कसं पाडलं. ह्यातल्या एकानंही विमानाला कधी हात लावलेला नव्हता, पण बोलणं ऐकावं तर वाटावं, हे आत्ताच उतरून आलेत आणि चहा पिऊन परत जाणार आहेत. एकदा लांबून गेलेलं एक विमान मिग होतं की नॅट ह्यावरून तात्या आणि कुलकर्णी इतके भांडले की दोघं पुढचा सगळा पंधरवडा एकमेकांशी बोलत नव्हते. बोलत नव्हते, पण बैठकीला येत होते. भजी चुकवायची नाहीत.

भजी, चहा, कधी हुलग्याची शेंगोळी, कधी शिपी आमटी आणि भाकरी, हे सगळं खालून वर जायचं. आई त्यांना गिधाडं म्हणायची. "गिधाडं बसली का गं वर?" असं मला विचारायची आणि कढईत तेल ओतायची. विमानांचा आणि ह्या माणसांचा आईला मनापासून तिटकारा होता. विमान गेलं की ती चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणायची, "मुडदा बशिवला ह्या इमानाचा." पण हे तात्यांच्या कानावर घालायची सोय नव्हती. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ते आले की पदर सावरून आत जायचं, आणि काही सांगायचं असलं तर पोराच्या तोंडानं. ते पोर म्हणजे मी. आई स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "शैले, तुझ्या तात्यास्नी म्हनावं, तेल संपलंय." तात्या तीन हातांवर बसलेले असायचे, त्यांनी स्वच्छ ऐकलेलं असायचं, तरी ते थांबायचे. मी जाऊन म्हणायचे, "तात्या, आई म्हनती तेल संपलंय." मग तात्या मला म्हणायचे, "म्हनावं, आनतो उद्या." इतकी वर्षं एका चुलीवर जेवलेली ही दोन माणसं, त्यांनी एकमेकांना एक सरळ वाक्य ऐकवलेलं नव्हतं. भांडणंसुद्धा माझ्या तोंडून झाली. त्यातले शिव्यांचे शब्द मी मध्येच गिळायचे आणि दोघांनाही ते कळायचं.

आता मला वेड कुणी लावलं असं विचाराल, तर तात्यांनीच. ताटल्या वर नेता नेता मी तिथंच कठड्याला टेकून बसायला लागले. पहिली काही वर्षं त्यांना ते आवडायचं. पाहुणे आले की ते मला आवाजावरून विमान ओळखायला लावायचे, मी बरोबर ओळखलं की मांडीवर थाप मारायचे. मग माझं वय वाढलं आणि मी 'का' विचारायला लागले. पंख मागं वळवल्यावर वेगात फायदा का होतो? विमान फार हळू झालं की एकदम खाली का येतं? कुलकर्णींनी मला मासिकात वाचलेला एक शब्द सांगितला आणि तो शब्द म्हणजेच उत्तर आहे असा चेहरा केला. तात्या म्हणाले, "येतं म्हनून येतं. चहा आन जा." शौकीन माणसाला सगळे आकडे पाठ असतात. 'का' विचारलं की त्याला राग येतो. हे मी त्या गच्चीवर शिकले आणि पुढं मोठमोठ्या मिटिंगांमध्ये मला ते उपयोगी पडलं. माझं स्वतःचं काम पुढं विमानाचे पंख मोडण्याचं होतं. खरंच. पंख एका सांगाड्यात अडकवायचा, तो हळूहळू वाकवायचा, आणखी वाकवायचा, कडाडून मोडेपर्यंत, आणि मग कुठं मोडला, का मोडला ते बघायचं. हे काम सांगितलं की शौकीन माणसाचं तोंड उतरतं. त्याला विमान आभाळात हवं असतं.

तात्यांचा आणखी एक उद्योग होता. गावातल्या पोरांना ते सल्ला द्यायचे. बारावीला बरे मार्क पडलेलं कुठलंही पोर बाप हाताला धरून गच्चीवर आणायचा. तात्या पोराला समोर बसवायचे, खालून चहा मागवायचे, आणि सुरू करायचे. "शुगर इंजनेरिंगच्या नादी लागू नको. आयुष्यभर मळीचा वास घेशील. एरोनॉटिकल घे. देशाला गरज हाय. विमान बनवनारा मानूस राजा असतो राजा." कुलकर्णी मान डोलवायचे, परीक्षा कुठली, कॉलेजं कुठं, सगळं सांगायचे. पोरगं भारावून जिना उतरायचं आणि चार दिवसांनी शुगरलाच नाव घालायचं, नाहीतर बापाच्या ओळखीनं कारखान्यात चिकटायचं. एकही गेला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसलं ते होतं. पण ते सल्ले ऐकत कठड्याला टेकून एक जण बसलेली होती, आणि तिनं ते खरे मानले. पुण्याला मामाकडं सुट्टीला गेले तेव्हा मी ती प्रवेश परीक्षा दिली. आबांना सांगून दिली. आबा हो म्हणाले, कारण त्यांना वाटलं मी काही पास होत नाही.

मी पास झाले. मद्रासच्या कॉलेजात एरोनॉटिकलला निवड झाली, खर्चापुरती स्कॉलरशिपही मिळाली. बातमी कळली त्या रविवारी मी भज्यांचं ताट घेऊन वर गेले. तात्या कोळपेवाडीकडच्या कुणा बागाईतदाराच्या पोराला तेच सांगत होते, विमान बनवणारा राजा वगैरे. मी ताट ठेवलं आणि म्हणाले, "तात्या, माझी निवड झाली. मद्रासला. एरोनॉटिकलला."

गफूरभाई पहिल्यांदा बोलले. "अरे वा! बेटी, कमाल केलीस की!" मग त्यांनी तात्यांकडं बघितलं आणि पुढचं बोलणं चहाबरोबर गिळून टाकलं. कुलकर्णी हसले, लहान मुलानं मोठी चप्पल घातल्यावर हसतात तसं. "अगं, पण तुला टायपिंगच्या क्लासला घालायचं ठरलं होतं ना?"

तात्या हसले नाहीत. "कुनाला इचारून परीक्षा दिली?"

"तुमीच तर सगळ्यांना सांगता, एरोनॉटिकल घ्या म्हनून."

"पोरांना सांगतो."

"मग मी काय हाय?"

त्यावर त्या बागाईतदाराच्या पोरासमोर, सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तू चहा आननारी हायस. जा, आन." मी खाली आले. चहा नेला नाही. आई कढईपुढं बसली होती, तिनं वरचं सगळं ऐकलं होतं, गच्चीचं बोलणं मोरीच्या झरोक्यातून खाली येतं.  ती झाऱ्यानं भजी उलटत राहिली, आणि तो घाणा पार करपून गेला तरी उलटत राहिली. करपलेली भजी तिनं तशीच वर पाठवली.

आठ-दहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी जेवताना तात्या एकदम खूश. म्हणाले, "पोरीला इमानाची एवढी हौस हाय ना? मग विमानवालाच जावई आनू. श्रीरामपूरकडचं स्थळ हाय. शेतकऱ्याचं पोरगं, लढाऊ विमानाचा पायलट. रजेवर आलाय. मी शब्द टाकलाय." आबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. बिचाऱ्यांना खरंच वाटलं की सगळ्यांचंच भलं झालं. थोरल्या भावाचा शब्द राहिला आणि पोरीचा हट्टही पुरा झाला. मला म्हणाले, "शैले, तुझं तर नशीबच उघडलं गं. इमान घरातच आलं की!" मी ताटावरून उठले. माझ्या बापाला मी त्या दिवशी जितकं तुच्छ समजले तितकं कुणालाच समजले नसेन, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. जिला गाय पाळायची आहे तिला दूधवाल्याच्या गळ्यात बांधायचं आणि वर म्हणायचं, घे, झाली ना हौस! हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. मी रडले, भांडले, तात्यांना तोंडावर खोटारडे म्हणाले. तात्यांनी हात उगारला आणि आबा मध्ये पडले, एवढंच त्यांनी केलं. आई भाकऱ्या थापत राहिली. आईकडून मला काही आशा नव्हतीच. तिला विमानं जळाली तरी चालली असती.

बघण्याचा कार्यक्रम ठरला. आता मुलगी बघायला मुलाकडची माणसं येतात आणि मुलीकडचे चार वडीलधारे बसतात, अशी जगाची रीत. आमच्याकडं गच्चीवरची सगळी बैठक पुढं सतरंजीवर. कुलकर्णी नवा सफारी घालून, गफूरभाई अत्तर लावून, आणि माझे सख्खे आजोळचे लोक मागं भिंतीला टेकून. जीप आली. मुलाचे आईवडील उतरले आणि मागोमाग तो. विलास त्याचं नाव. उंच, देखणा, बूट आरशासारखे. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले तर माझ्याकडं एकाही माणसानं मान वर करून बघितलं नाही. आमची मंडळी त्याच्याकडं बघत होती आणि तो घड्याळाकडं बघत होता. त्यांनी त्या पोराला जे काही विचारलं! उतरताना वेग किती ठेवता? पंखाखाली काय काय लावता? उलटं उडताना रक्त डोक्यात जातं का? तो बऱ्याच प्रश्नांना म्हणायचा, "हे सांगता येत नाही. सिक्रेट असतं." की आमचे लोक आणखी खूश, एकमेकांकडं बघून माना हलवायचे. गफूरभाईंनी विचारलं, "साहेब, वरून आपला कारखाना दिसतो का हो?" तो म्हणाला, "चिमणी दिसते की. तिच्यावरून तर आम्ही वळतो." तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको गेली तेव्हाही आलं नव्हतं म्हणतात.

शेवटी मुलाच्या आईनंच आठवण केली, आपण कशासाठी आलोय त्याची. "मुलीला काय काय येतं?" एरवी म्हणतात, स्वयंपाक येतो, विणकाम येतं, एखादी गाऊन दाखवते. तात्या म्हणाले, "बाई, आमची पोरगी आवाजावरनं इमान ओळखती. शैले, साहेबांच्या इमानाचा टॉप स्पीड सांग बरं." मला आकडा पाठ होता. मी बोलले नाही. "अगं, सांग की! लाजती. सांग!" सगळे माझ्याकडं बघत होते, पहिल्यांदाच.

मी ताट खाली ठेवलं आणि विलासला म्हणाले, "मला एक विचारायचंय. मी मद्रासला एरोनॉटिकल शिकायला जाणार आहे. चार वर्षं. तोवर थांबाल का तुम्ही?"

तो हसला. दुष्टपणानं नाही हसला, हे मला सांगितलं पाहिजे. तो अगदी प्रेमळपणे म्हणाला, "कशाला एवढा त्रास घेता? त्या कामाला आमच्याकडं इंजिनियर आहेत की भरपूर. तुम्ही आपलं माझं विमान उतरताना बघत जा. तेवढं पुरे." आणि आमची सगळी गच्ची खदखदून हसली. वा साहेब, काय बोललात, म्हणून कुलकर्णींनी टाळी दिली.  मला वाटलं, ते पोह्यांचं ताट उचलून ह्या माणसाच्या डोक्यावर ओतावं.

"थट्टा करती पोरगी," तात्या घाईनं म्हणाले. "मद्रासचं कवाच संपलंय. तुमाला पसंत असंल तर आजच सुपारी फोडू. साहेबांची रजा थोडी हाय." मुलाच्या वडिलांनी मान डोलवली. सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला, मग मागं फिरणं नाही. आमच्याकडं एकदा फुटलेल्या सुपारीवरून माणसं पुढं कोर्टात गेलीत, पण शब्द परत घेतलेला नाही. तात्यांनी आत तोंड करून आवाज दिला, "शैले, आत म्हनावं, सुपारी-नारळ पाठवा." मी जागची हलले नाही.  त्यांनी पुन्हा आवाज दिला.

आई बाहेर आली. हात रिकामे. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. ती माझ्याकडं वळली नाही, 'शैले, तुझ्या तात्यास्नी म्हनावं' म्हणाली नाही. तिनं तात्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "सुपारी मिळनार न्हाई."

तात्या गडबडलेच. त्यांना आधी ती आपल्याशी बोलतेय हेच समजलं नाही. "संपली व्हय? गफूर, जा पळ, नाक्यावरनं घेऊन ये."

"संपली न्हाई. डबा भरलेला हाय. देनार न्हाई."

आबा उठले, "अगं ए, आत हो," म्हणाले. तिनं तिकडं लक्षही दिलं नाही. "गावातल्या हरेक पोराला तुमी सांगितलं, इंजनेर व्हा, इंजनेर व्हा. त्या हरेकाला माझ्या हातचा चहा पाजला. जिना धुऊन धुऊन माझं गुडघं गेलं. एकतरी गेला का? एक? आता घरातली जाती म्हनल्यावर तुमच्या पोटात का दुखाया लागलं? तुमाला जमलं न्हाई म्हनून कुनालाच जमू द्यायचं न्हाई व्हय?"

"थोरल्याशी बोलतीस तू," तात्या म्हणाले. आवाज फाटला होता त्यांचा. "हे घर कुनाचं हाय?"

"घर तुमचं. चूल माझी. तिच्यापुढं म्या सांगते ते ऐका. पोरगी मद्रासला जानार. आन ही सुपारी दुकानातनं आनून फोडली, तर म्या ह्या उंबऱ्यात आडवी पडंन, मग फोडा."

मुलाची आई आधी उठली. "मुलीची आईच अशी, तर मुलगी काय असेल!" ती नवऱ्याला म्हणाली, आम्हाला ऐकू जाईल असं. आईनं हात जोडून तिला म्हटलं, "खरं हाय बाई तुमचं. तशीच हाय ती." विलास बूट घालून केव्हाच जीपशी पोचला होता. कुलकर्णी त्याच्यामागं धावत गेले, काहीतरी विचारायचं राहिलं होतं बहुतेक. जीप गेली. गफूरभाईंनी सतरंजीवर सांडलेले पोहे गोळा केले आणि काय करावं न कळून तसेच हातात धरून उभे राहिले.

तात्यांनी शेवटचं हत्यार काढलं. मधल्या घरात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती पोरगी मद्रासला गेली तर म्या ह्या घरातला घास शिवनार न्हाई."

आई म्हणाली, "लई उपकार हुतील."

मला हसू आलं. त्या तसल्या वेळी मला खरंच हसू आलं, आणि तात्यांनी ते बघितलं. त्यांनी आयुष्यात मला बाकी कशाचीही क्षमा केली असती, पण त्या हसण्याची नसती केली. त्यांना वाटलं होतं, आपण न जेवणं ही आईला शिक्षा आहे. इतकी वर्षं तिच्या हातचं खाऊन त्यांना एवढंही उमगलं नव्हतं. ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवायला लागले. बैठक कुलकर्णींच्या क्वार्टरच्या गॅलरीत हलली, ती कुलकर्णींच्या बायकोनं महिन्याभरात मोडून काढली. गावानं मात्र आईलाच नावं ठेवली. भाऊ-भाऊ तोडले म्हणे. थोरल्याचं ताट घराबाहेर काढलं म्हणे. कारभार तात्यांचाच, आबा बघायचे त्या उसाला कॅनॉलचं पाणी उशिरा सुटायला लागलं. आबा अंगणातून जाताना तात्यांच्या खोलीसमोर चपला हातात घेऊन जायचे. मला त्यांची कीवही येत नव्हती. आईशी आबा किती दिवस बोलले नाहीत कुणास ठाऊक, आणि तिला त्याचं काही वाटलं असं मला दिसलं नाही. ती माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होती आणि प्रत्येक घावाला कुणालातरी शिव्या देत होती.

जायच्या दिवशी कोपरगाव स्टेशनवर ती आली. आबा मला पोचवायला बरोबर येणार होते, ते डब्यात जागा धरून बसले. मी खिडकीशी, आई खाली फलाटावर.  मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आई, तुझ्यामुळं चाललेय मी. तू होतीस म्हणून."

तिनं हात सोडवून घेतला.

"माझ्यामुळं कशाला? त्याच्यामुळं," ती म्हणाली. "मला तुझं ते इमान मेलं तरी चालतंय. त्याचा आवाज आला तरी माझं कपाळ दुखतं. त्या गच्चीवरच्या मानसाची जिरवायची हुती मला. तुला पाठवल्यानं ती जिरती, म्हनून पाठवते."  गाडीनं शिट्टी दिली. ती गजांना धरून जवळ आली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "आन एक ध्यानात धर. नापास हून परत आलीस, तर त्यो हसंल. त्यो हसला, तर म्या तुला दारात उभी करनार न्हाई. पोटची म्हनून बघनार न्हाई. समजलं?"

गाडी हलली. बाकीच्या बायका फलाटावरून हात हलवत होत्या, डोळे पुसत होत्या. माझी आई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी तिचं काहीतरी घेऊन पळून चाललेय. मद्रासला मला तिथली भाषा येत नव्हती, वर्गात मुली जवळजवळ नव्हत्या, आणि पहिल्या वर्षाचं गणित इतकं अवघड होतं की बरोबरची हुशार पोरं सोडून गेली. विमानावरच्या प्रेमाच्या जिवावर मी तिथं सहा महिने टिकले नसते. मी चारही वर्षं टिकले आणि वरच्या नंबरानं पास झाले, ते त्या बाईच्या भीतीनं.